मष्णूच्या नावचं अळणी

वडगावच्या विणकर गल्लीत नव्या माणसानं गुणाबाईचं घर विचारलं, की लोक बोट दाखवत नाहीत. "जरा कान द्या," म्हणतात. बेळगावच्या या भागात घराघरात माग आहेत. सकाळी वीज आली की गल्लीभर जो खडखडाट सुरू होतो, तो वीज जाईपर्यंत थांबत नाही. त्या खडखडाटावरून उडी मारून "अवो, च्या निवाय लागलाय!" असा जो आवाज रस्त्यावर येतो, तो गुणाबाईचा. त्या आवाजाच्या मागं गेलं की घर सापडतं.

या आवाजावरून तिला भांडकुदळ म्हणणारे पुष्कळ आहेत. अशांनी एकदा चालू मागाशेजारी उभं राहावं आणि पलीकडच्या माणसाला "तांब्याभर पाणी दे" एवढंच गोड आवाजात सांगून दाखवावं. पाणी मिळणार नाही, तहानेनं जीव जाईल. गुणाबाई मूळची उचगावची. माहेरी ती मुखदुर्बळ म्हणून ओळखली जायची. लग्न होऊन मागाच्या घरात आली आणि वर्षभरात तिचा घसा तयार झाला. पहिल्या दिवाळीला माहेरी गेली तेव्हा आई दचकून म्हणाली, "अगं, मी हितंच बसलीया की!"

नवरा मष्णू याच्या उलट. साड्या विणणारा, सडपातळ, मान खाली घालून काम करणारा माणूस. मागाच्या आवाजानं कान निम्मे गेलेले. रागावणं त्याला येत नव्हतं असं नाही, पण ते काम त्यानं बायकोकडं सोपवून दिलं होतं. त्या घरात कामाच्या वाटण्याच तशा होत्या. विणायचं मष्णूनं. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायच्या गुणाबाईनं. बोलायचं, ओरडायचं, सोयरेधायरे सांभाळायचे गुणाबाईनं आणि उपासतापासही तिनंच करायचे. मष्णूच्या आईनं लेकासाठी सोमवार धरले होते. म्हातारीला झेपेना झालं तेव्हा ते सुनेकडं आले. देवानंही त्याला कधी हरकत घेतली नाही. नाव तेच राहिलं, पोट तेवढं बदललं.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना मष्णूची दाढ दुखायला लागली.

दाताच्या डॉक्टरनं तोंड उघडायला सांगायच्या आधी त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. पट्टा फुगला, मग ढिला झाला, आणि डॉक्टर म्हणाला, दाढ राहू दे, आधी सरकारी दवाखान्यात जाऊन बीपी दाखवून या. गुणाबाईला वाटलं, हा माणूस दात काढायला घाबरतोय. तरी ती नवऱ्याला घेऊन गेली.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, कानडी बोलणारा. त्यानंही पट्टा बांधला, दोनदा मोजलं आणि म्हणाला, "बीपी भाळ ऐत्री." फार आहे म्हणजे. "उप्पु कडिमी माड्री." मीठ कमी करा. गुणाबाईला कानडी चांगलं येत होतं. बाजार तिचा त्याच भाषेत होता. शब्द सगळे कळले, पण मामला कळेना.

"दुखतोय त्यो दात," ती म्हणाली, "आन गोळ्या रक्ताच्या?"

ती रोजच्याच आवाजात बोलली. पण तिथं माग नव्हते. बाहेरची रांग चिडीचूप झाली, कुणाचं तरी तान्हं पोर रडायला लागलं. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "आई, सावकाश. घरी पण असंच बोलता काय? त्यांना टेन्शन द्यायचं नाही. घरात शांत पाहिजे."

गुणाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं आवाज उतरवला आणि विचारलं, "किती दिवसात जाईल ह्ये?"

"जात नाही. कंट्रोलमध्ये ठेवायचं."

"म्हंजे बरं व्हनार न्हाय?"

"कंट्रोलमध्ये राहील. गोळी रोज. सोडायची नाही."

"पर ह्येंना बीपी झालंच कसं?"

"बीपी सगळ्यांनाच असतं, आई. तुम्हाला, मला. बीपी नसलेला माणूस जिवंत नसतो. यांचं जास्ती आहे."

डॉक्टर खोटं काही बोलला नव्हता. पण गुणाबाईच्या डोक्यात नुसता गुंता झाला. सगळ्यांना असतं, पण गोळी ह्यांनाच. दुखत नाही, तरी आजार. गोळी घ्यायची, पण बरं व्हायचं नाही. आणि एवढं सगळ्यांना असतं तर तिचंही एकदा मोजावं, हे ना डॉक्टरला सुचलं ना तिला. रांग मोठी होती.

घरी येईपर्यंत गल्लीला बातमी कळलेली होती. शेजारची रुक्माबाई कमरेवर हात ठेवून दारातच उभी. रुक्माबाईला सगळे आजार ठाऊक असतात. निदान नावं तरी.

"हाय का लो?" तिनं विचारलं.

"जास्ती हाय म्हनला."

"म्हंजे हाय. हाय म्हंजे अंगात रगत जास्ती, लो म्हंजे रगत कमी. मला लो हाय. मष्णूआण्णाला बीट घालू नकोस, डाळिंब तर बघूसुदिक देऊ नकोस."

रुक्माबाईचा नवरा शामू आतून ओरडला, "माझं बॉर्डरवर हाय!" ह्यावर गल्ली हसली. इकडं बॉर्डरवर कोण नाही?

गुणाबाई हसली नाही. तिनं बोरगावला दिलेल्या लेकीला, मंजुश्रीला फोन लावला. लेक बारावी शिकलेली. ती म्हणाली, "आई, त्येला हायपरटेन्शन म्हनत्यात."

"टेन्शनचं नाव काढू नको गं बाई. डाक्टर त्येच म्हनला, टेन्शन दिऊ नगा."

"तसं न्हाय गं. त्या टेन्शनचा आन ह्या टेन्शनचा तसा संबंध न्हाय. टेन्शन न्हाय घेतलं तरी हुतंय."

"मग नाव कशाला ठिवलंय तसं?"

ते नाव लेकीनं थोडंच ठेवलं होतं? ज्यांनी नाव ठेवलं त्यांना गुणाबाईनं गाठायला हवं होतं, पण ते कुठं भेटणार? भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पानामागं छापलेलं आणखी एक नाव सापडलं, उच्च रक्तदाब. ते वाचून ती आणखीच बुचकळ्यात पडली. उच्च म्हणावं असं त्या घरात आजवर काही आलं नव्हतं, आणि आलं ते हे.

तिच्या मनात एक गोष्ट मात्र पक्की होती, आणि ती चूक होती असं म्हणायलाही जीभ रेटत नाही, कारण आपण सगळेच तसं बोलतो. रक्त खवळतं ते रागानं. रक्त तापतं, रक्त आटतं, डोक्यात रक्त चढतं, सगळं रागानं आणि त्रासानं. मग ह्या हिशेबानं बीपी व्हायला पाहिजे होतं तिला. मष्णूचं रक्त कधी कोमट झालेलंही कुणी पाहिलं नव्हतं. ही शंका तिनं रुक्माबाईजवळ बोलून दाखवली, तिथंच घात झाला.

"आक्का, खरं सांगू का?" रुक्माबाई म्हणाली. "मष्णूआण्णा गाय हाय गाय. त्येला आपआपनं कुठनं येतंय? तू वरडतीस, त्यो गिळतोय. तुझंच हाय त्ये. त्येच्यात साठलंय."

रुक्माबाई हे बोलली आणि भात उतू जातोय म्हणून घरात निघून गेली. गुणाबाई कांड्या भरायला बसली. सूत तुटायला लागलं. गाठ मारली की पुढं तुटायचं. मष्णू पलीकडं नेहमीसारखा माग चालवत होता, मान खाली घालून. त्याच्या मानेवरची शीर तिला पहिल्यांदाच दिसली. गुणाबाई घाबरली. नवरा मरेल ही भीती प्रत्येक बायकोला कधी ना कधी वाटते. आपल्या तोंडामुळं मरेल ही भीती तिच्या एकटीच्या वाट्याला आली होती.

त्या दिवशीपासून तिनं ओरडणं सोडलं.

राहिलं मीठ. ते मष्णूनं सोडायचं होतं आणि त्यानं प्रयत्नही केला. गुणाबाईनं अळणी आमटी केली. मष्णू भाकरीचा घास तोंडात इकडून तिकडं फिरवत बसला, मग तिच्याकडं बघून गिळला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी माणूस गायब. बघते तर रुक्माबाईच्या पडवीत बसून लिंबाचं लोणचं चाखतोय. एरवी तिनं असा आवाज दिला असता, की लोणचं त्याच्या हातातून बरणीत परत गेलं असतं. पण ओरडायचं नव्हतं. ती तशीच मागं फिरली.

सोमवारी तिनं दिवा लावला आणि देवापुढं हात जोडून हळू आवाजात सांगितलं, "ह्येंच्या वाटचं मीठ मी सोडलं. फळ त्येंच्या पदरात घाल."

हसण्यासारखं यात काही नाही. वटपौर्णिमेला वडाभोवती फेरे ती घालते, आयुष्य वाढतं मष्णूचं. सोमवारी उपाशी ती राहते, पुण्य लागतं मष्णूला. इतकी वर्षं ही पद्धत चालली, कुणी काही शंका काढली नाही. मग फक्त मीठच ज्याचं त्यानं सोडायचं, हा नवा नियम तिला कुठून कळावा? डॉक्टरनंही मीठ कमी करा म्हणताना बघितलं होतं ते तिच्याकडंच. आणि नवस बोलून दाखवला की त्याचं फळ जातं, म्हणून ती कुणाला काही बोलली नाही.

मग रोजचं असं झालं. आमटीत मीठ घालायच्या आधी ती आपली वाटी काढून ठेवायची. मष्णूचं ताट पहिल्यासारखं, चवदार. उलट आता तो शेजारी लोणच्याला जाऊ नये म्हणून ती त्याला घरातलंच वाढायची. स्वतः मात्र अळणी भाकरी, अळणी भाजी. जेवण घशाखाली उतरायचं नाही. अर्ध्या भाकरीवर उठायची आणि मनात म्हणायची, लागू दे त्येंला.

गोळी ती रोज सकाळी चहाच्या कपाजवळ ठेवायची आणि हळूच म्हणायची, "गोळी." पुढं घेतली का नाही हे विचारायचं नाही. कारण विचारायचं म्हणजे चालू मागावरून विचारायचं, आणि चालू मागावरून विचारायचं म्हणजे ओरडायचं.

गल्लीला पहिल्यांदा हायसं वाटलं. मग चुकल्यासारखं व्हायला लागलं. शामूला कळेना, दुपारचं जेवायला कधी उठायचं. तो इतकी वर्षं गुणाबाईच्या "अवो, जेवाय या!"वर माग बंद करत होता. रुक्माबाई चौकशीला येऊन गेली, "भांडनबिंडन झालंय काय गं?" गुणाबाईनं नुसती मान हलवली.

सगळ्यात जास्त बदलला तो मष्णू. तो मधेच माग बंद करायचा, स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बायको आहे का बघायचा आणि परत जायचा. एकदा बाजारातून तिच्यासाठी अबोलीचा गजरा घेऊन आला. लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच. मंजुश्रीला फोन करून म्हणाला, दोन दिवस येऊन जा. मग एका दुपारी गुणाबाईला मागाजवळ बोलावून त्यानं ताण्याच्या सुताचा बीम कसा चढवायचा, तुटलेला धागा कुठून ओढून घ्यायचा, हे सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

"मला येतंय की त्ये," ती हळूच म्हणाली.

"येऊ दे. तरी बघून ठेव."

तिला काही उमगेना. थोड्या वेळानं मष्णूनं विचारलं, "डाक्टर आनि काय म्हनला हुता गं तुला?"

"काय न्हाय."

मष्णूनं तिच्या ओठांकडं बघून ते ओळखलं, इतक्या हळू ती बोलली होती. त्याचा चेहरा उतरला. गुणाबाईला वाटलं, बीपीच वाढलं असेल, आपल्या बोलण्यात काही तरी कडक आलं असेल. तेव्हापासून ती आणखीच कमी बोलायला लागली.

उन्हाळा आला. पत्र्याखालची मागाची शेड तापायला लागली. गुणाबाईला उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायची, भिंत धरून उभं राहावं लागायचं. नवस अंगाला लागतोय, असं तिनं त्याचं नाव ठेवलं. एक दिवस कांड्यांनी भरलेली पाटी तिच्या हातातून निसटली आणि कांड्या शेडभर गडगडल्या. मष्णू वेचू लागला. ती खाली बसून राहिली, तिला वाकताच येईना.

त्याच आठवड्यात घरोघरी बीपी आणि साखर तपासणारी सिस्टर गल्लीत आली. समता तिचं नाव, मूळची निपाणीची. रुक्माबाईकडचं आटोपून ती मष्णूच्या दारात उभी राहिली तेव्हा गुणाबाईनं हातातली कांडी खाली ठेवली. आज फळ दिसणार होतं. इतके दिवस अळणी खाल्लेलं, इतके दिवस गिळलेले शब्द, सगळ्याचा आज निकाल लागणार होता.

समतानं आधी माग बंद करायला लावला. मष्णूला खुर्चीवर टेकून बसवलं, पाय जमिनीवर, हात टेबलावर, बोलायचं नाही. थोडा वेळ त्याला तसं शांत बसवून मग पट्टा बांधला. मोजलं. जरा थांबून पुन्हा मोजलं. गुणाबाई तिच्या चेहऱ्याकडं एकटक बघत होती.

"काका, जास्ती आहे हो. वरचं एकशेऐंशीच्या पुढं जातंय," समता म्हणाली.

"न्हाय," गुणाबाई म्हणाली.

"मावशी, दोनदा मोजलं."

"मशिन बिघडलं असंल. असं व्हनारच न्हाय."

"मीठ कमी केलंय का काकांनी?"

आता नवस सांगावा की नाही, याचा गुणाबाईनं क्षणभर विचार केला. पण फळ तर तसंही आलेलं नव्हतं. "कमी कशाला, पार सोडलंय," ती म्हणाली. "चिमूटभर न्हाय खाल्लं. सोमवारपासनं... त्ये लई सोमवार झाले. मी सोडलंय. ह्येंच्यासाठी."

समताच्या हातातला पट्टा तसाच राहिला. "तुम्ही?"

"त्येंला अळणी जात न्हाय. मग घरात कुनीतरी सोडाय पायजे का नको?"

दारातून डोकावणारी रुक्माबाई फिस्सकन हसली. समता हसली नाही. तिनं मष्णूकडं बघितलं. मष्णू बायकोकडं बघत होता. ताटाशेजारची ती वेगळी वाटी त्यानं रोज बघितली होती आणि कधी विचारलं नव्हतं.

"या, बसा इथं," समता गुणाबाईला म्हणाली आणि तो पट्टा तिच्या दंडाला बांधला. जन्मात पहिल्यांदा. मोजलं, आणि समताच्या कपाळावर आठी आली. "मावशी, तुमचं खाली गेलंय. चक्कर येते का?"

"नवसाचं हाय त्ये."

"नवसाचं नाही. शेडमधी घाम गाळता, अर्ध्यापोटी राहता, वर अळणी. उद्या दोघंही दवाखान्यात या, मी डॉक्टरांना सांगून ठेवते. आणि आज संध्याकाळी मीठ घालून पोटभर जेवायचं. समजलं?"

"मग ह्येंचं..."

"यांचं मीठ यांनीच कमी करायचं. तुमच्या तोंडातलं मीठ त्यांच्या रक्तात जात नाही, मावशी. उपास एकाचा दुसऱ्याला चालत असेल, मला त्यातलं कळत नाही. गोळी आणि मीठ मात्र ज्याचं त्याला." मग तिनं मष्णूला विचारलं, "गोळी रोज घेता ना, काका?"

मष्णू उठला. मागाच्या पाठीमागं भिंतीत एक कोनाडा होता, तिथं रिकाम्या कांड्या ठेवलेल्या असायच्या. त्यानं कांड्या बाजूला सारल्या आणि ओंजळ भरून आणली. ओंजळीत गोळ्या होत्या. धुळीनं, सुताच्या तुसानं मळलेल्या.

"मागनं घेतो म्हनून ठिवत गेलो," तो म्हणाला. "मग ऱ्हाऊन गेलं. काय दुखत न्हवतं, आन कोन काय बोललं पन न्हाय."

गुणाबाईनं ओंजळीकडं बघितलं. मग नवऱ्याकडं. आणि इतके महिने जे तिनं दातांखाली धरून ठेवलं होतं, ते सुटलं.

"अवो, तुमाला लाज हाय का! मी हितं अळणी गिळतीया, आन तुमी गोळ्या भितीत घालतासा? भित पडली असती गोळ्या खाऊन खाऊन! सांगाय जीभ न्हवती? का मी मेल्यावर घ्यायच्या ठरिवलं हुतं?"

शामूचा माग थांबला. पलीकडचाही थांबला. गल्लीत कधी नव्हे ते भर दिवसा शांत झालं आणि त्या शांततेत फक्त गुणाबाई चालू होती. समतानं तिला थांबवायला हात वर केला आणि मष्णूकडं बघून खाली घेतला. कारण मष्णू रडत होता, आणि हसतही होता.

"म्हंजे डाक्टर तसलं काय म्हनला न्हवता?" त्यानं विचारलं.

"कसलं?"

"तू बोलायची थांबलीस नव्हं. मला वाटलं, डाक्टरनं तुला सांगून टाकलंय, ह्यो काय आता लई दिस जगत न्हाय. म्हनून तू सोन्यासारखी वागायलीयास. मी म्हनलं, मग आता गोळी तरी कशाला?"

गुणाबाई मटकन खाली बसली. मग तिनं समताला, इतक्या हळू की समताला पुढं वाकावं लागलं, विचारलं, "बाई, खरं सांगा. माझ्या वरडन्यानं झालं न्हवं ह्येंला?"

"का झालं हे पुष्कळदा कुणालाच सांगता येत नाही, मावशी. वय असतं, मीठ असतं, घराण्यात असतं. रागीट माणसालाच होतं असं नाही, गरीब गाईलापण होतं. दुखलं तरच असतं असंही नाही. माझ्या आजीला काय सुदिक दुखत नव्हतं. तंबाखूच्या वखारीत उभ्यानं काम करायची. एका सकाळी तोंड वाकडं झालं आणि गेली. आधी कुणी मोजलंच नव्हतं." समतानं पट्टा गुंडाळून पिशवीत ठेवला. "पण तुमच्या आवाजानं झालं नाही. तेवढं मी सांगते."

निघताना मष्णूनं तिला विचारलं, हे वरचं नि खालचं म्हणजे नेमकं काय. समतानं मागाकडं बोट दाखवलं. "तुमचा माग ठोका मारतो ना, काका? काळीजपण तसंच मारतंय. ठोक्याच्या वेळी रक्ताचा जो दाब असतो तो वरचा. दोन ठोक्यांच्या मधल्या उसंतीत जो उरतो, तो खालचा. तुमच्या काळजाला उसंतीतपण उसंत नाही. गोळी त्यासाठी."

मष्णूला हे कळलं. गुणाबाईला अर्धंच कळलं. सगळ्यांना असतं ते ह्यांनाच का जास्त, आणि जे जात नाही त्याला औषध का म्हणायचं, हे तिला अजूनही नीट लागत नाही. "सोमवारचा उपास तरी धरू का?" असं तिनं दारातून विचारलं. समता म्हणाली, "डॉक्टरांना विचारून धरा. पण मीठ खाऊन."

संध्याकाळी दोघं जेवायला बसली. तिच्या आमटीत मीठ, त्याच्या आमटीत नावाला. मष्णूनं घास तोंडात फिरवला, तोंड वाकडं केलं, तिच्या वाटीकडं बघितलं. तिनं वाटी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.

"तुझ्या पोटानं माझं पोट भरत न्हाय, व्हय गं गुणा?" तो म्हणाला आणि घास गिळला.

आता रोज सकाळी गुणाबाई कप ठेवते, कपाजवळ डॉक्टरनं दिलेली नवी गोळी ठेवते आणि कांड्या भरायला बसते. समतानं मोबाईलमध्ये गजर लावून दिला होता, तो वाजतो आणि बंद होतो. एकदा चूल सोडून ती सहज दाराशी आली, तर बघते, मष्णू मागाजवळ उभा. माग अजून सुरूही केलेला नाही. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या तळहातावर गोळी. गोळी तोंडात टाकायची तर टाकत नाही, नुसता उभा, कान दाराकडं लावून.

तिला वाटलं, जवळ जाऊन हळूच सांगावं. मग ती मागं आली, चुलीजवळ उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "अवो, गोळी घेतलासा का?"

"घेतो गं!" मागाकडून आवाज आला, आणि मग माग सुरू झाला.